स्कुबा डायव्हिंग करून वर आल्यावर शरीरात नेमके काय घडते? बुडबुडे, दाह आणि पुढचे २४ तास

पावसाळा संपला, समुद्र निवळला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर स्कुबा डायव्हिंगच्या बोटी पुन्हा सुरू होतात. पाण्याखाली काढलेला व्हिडीओ संध्याकाळपर्यंत स्टेटसला लागतो. त्यानंतर आलेला थकवा, खांद्यात किंवा कोपरात ठणका, अंगाला सुटलेली खाज हे सगळे ‘उन्हाने झाले’, ‘खाऱ्या पाण्याने झाले’ म्हणून सोडून दिले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. काही वेळा मात्र हीच लक्षणे ‘डीकंप्रेशन सिकनेस’ची असतात आणि तेव्हा ‘झोपून उठल्यावर बरे वाटेल’ हा विचार महागात पडू शकतो.

हा आजार रक्तात तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होतो, एवढे अनेकांनी ऐकलेले असते. गेल्या २०-२५ वर्षांतल्या संशोधनाने मात्र या गोष्टीत दुसरे पात्र आणले आहे. ते म्हणजे शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा. जखम झाली, जंतू शिरले की शरीर जो दाह म्हणजे ‘इन्फ्लमेशन’ निर्माण करते, तशीच प्रतिक्रिया पाण्याखालचा दाब कमी होतानाही सुरू होते. कसे, ते समजून घेऊ.

आधी दाबाचा हिशेब

किनाऱ्यावर उभे असताना आपल्यावर हवेचा एक वातावरण एवढा दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेल्यावर त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. डाइव्हरच्या तोंडात असलेला रेग्युलेटर त्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, नाहीतर छाती फुगवून श्वास घेणेच शक्य होणार नाही.

या हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही, पण द्रवावर वायूचा दाब जितका जास्त तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो. बारावीच्या रसायनशास्त्रात शिकलेला आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर विसरलेला हेन्रीचा नियम तो हाच. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत, मज्जारज्जूत मुरत जातो.

वर येताना उलटा प्रवास सुरू होतो. सावकाश आले तर हा वायू रक्तातून फुप्फुसात आणि तिथून उच्छ्वासावाटे बाहेर जातो. घाईने आले तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखे होते. गोटी आत ढकलेपर्यंत बाटलीत एकही बुडबुडा दिसत नाही, दाब सुटला की सगळे पाणी उसळते. वायू तेवढाच असतो, फक्त त्याला दाबून ठेवणारे काही उरलेले नसते.

पूल, बकऱ्या आणि जुने उत्तर

हा आजार आधी समुद्रात नव्हे, तर पुलांच्या पायाभरणीत ठळकपणे समोर आला. नदीच्या तळाशी खोदकाम करताना पाणी आत येऊ नये म्हणून मोठ्या पेटाऱ्यासारख्या बंदिस्त खोलीत, म्हणजे ‘केसॉन’मध्ये, दाबाखाली हवा भरली जाई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचे काम करणारे मजूर पाळी संपवून वर आले की सांधे धरून वाकत. ‘बेंड्स’ हे या आजाराचे प्रचलित नाव त्याच काळातले. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये याने अंथरुणाला खिळला आणि त्यानंतर त्याची पत्नी एमिली हिने अभियंते आणि साहेब यांच्यातला दुवा होऊन १८८३ मध्ये पूल सुरू होईपर्यंत काम तडीस नेले.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये या सगळ्याचा दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर ठेवला. पुढे ब्रिटिश नौदलाला आपल्या पाणबुड्यांसाठी सुरक्षित पद्धत हवी होती. ते काम जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याकडे आले. त्यांनी दाबाच्या टाकीत बकऱ्या ठेवल्या. बकरीला सांधेदुखी झाली की ती पुढचा पाय दुमडून उचलून धरते, त्यामुळे लक्षण ओळखायला बोलता येण्याची गरज नव्हती. या प्रयोगांतून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची तक्ते तयार झाली. ठरावीक खोलीवर थांबा, वायू बाहेर पडू द्या, मग पुढे या. आजच्या डाइव्हरच्या मनगटावरचे उपकरण याच विचाराचे नातवंड आहे.

या तक्त्यांनी असंख्य जीव वाचवले, यात वाद नाही. पण त्यामागचे गृहीतक साधे होते. बुडबुडा मोठा झाला, रक्तवाहिनी तुंबली किंवा ऊतीवर दाब पडला, म्हणून दुखले. जणू नळात कचरा अडकला.

मग हे गणित कुठे चुकले?

१९७० च्या दशकात डॉप्लर अल्ट्रासाउंडने डाइव्हरच्या छातीवरून रक्तातले बुडबुडे ऐकता येऊ लागले आणि पहिला धक्का बसला. काहीही त्रास नसलेल्या, सगळे नियम पाळलेल्या डाइव्हरच्या नसांमध्येही बुडबुडे सापडत होते. त्यांना ‘मूक बुडबुडे’ म्हणतात. ते शिरांमधून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जातात. फुप्फुसाची बारीक जाळी त्यांना गाळून घेते.

दुसरीकडे, भरपूर बुडबुडे असूनही काहीजण ठणठणीत राहतात आणि मोजकेच बुडबुडे असलेला एखादा आजारी पडतो. काहींची लक्षणे पाण्याबाहेर आल्यावर कित्येक तासांनी सुरू होतात. नळ तुंबला असता तर तो लगेच तुंबला असता. शिवाय दाबाच्या चेंबरमध्ये घालून बुडबुडे विरघळवल्यानंतरही काही रुग्णांचा त्रास लगेच जात नाही. नळातल्या कचऱ्याच्या सिद्धांतात हे बसत नव्हते.

याचे एक उत्तर बुडबुड्याच्या पृष्ठभागावर आहे. रक्ताला आपल्या वाहिनीच्या आतल्या गुळगुळीत अस्तराची सवय असते. वायूचा बुडबुडा त्याच्यासाठी परकी वस्तू ठरतो. त्याच्या पृष्ठभागाला रक्तातली प्रथिने चिकटतात आणि त्यांचा आकार बिघडतो. प्लेटलेट्स गोळा होतात, रक्त गोठवणारी साखळी जागी होते, जंतूंविरुद्ध वापरली जाणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने सक्रिय होतात. शिवाय बुडबुडा वाहत जाताना वाहिनीच्या अस्तराला घासतो. हे अस्तर म्हणजे नुसते प्लास्टर नव्हे. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे वाहिन्या सैल राहतात आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. अस्तर दुखावले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे येऊन चिकटतात, वाहिनीतून द्रव झिरपू लागतो, आजूबाजूला सूज येते.

थोडक्यात, काट्याने बोट पिकावे तसे. काटा काढला तरी ठणका लगेच थांबत नाही.

उंदरांचा प्रयोग : बुडबुड्याशिवाय आजार?

या विषयाला खरे वळण दिले ते अमेरिकेतील संशोधक स्टीफन थॉम यांच्या गटाने. पेशींवर ताण आला की त्यांच्या आवरणाचे सूक्ष्म तुकडे सुटून रक्तात फिरतात. त्यांना ‘मायक्रोपार्टिकल्स’ म्हणतात. त्यांचा आकार एका मायक्रॉनच्याही आत, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी लहान असतो. थॉम यांच्या गटाने उंदरांना काही तास जास्त दाबाच्या हवेत ठेवले आणि दाब उतरवला. त्यांच्या रक्तात मायक्रोपार्टिकल्स वाढली, न्यूट्रोफिल पेशी खवळल्या, मेंदू आणि स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या झिरपू लागल्या.

इथपर्यंत अपेक्षितच होते. पुढची पायरी महत्त्वाची. त्यांनी या उंदरांची मायक्रोपार्टिकल्स काढून ज्यांना दाबाचा स्पर्शही झाला नव्हता अशा उंदरांना टोचली. त्या उंदरांमध्येही तशीच इजा दिसली. म्हणजे ज्यांच्या शरीरात नायट्रोजन साठलाच नव्हता, त्यांच्यातही डीकंप्रेशनसारखे नुकसान झाले. उलट, दाब उतरवलेल्या उंदरांमधली मायक्रोपार्टिकल्स नष्ट केली तेव्हा इजा रोखता आली. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे याच गटाने दाखवले, की न्यूट्रोफिल पेशी नुसत्या जास्त दाबाच्या नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये ठेवल्या तरी त्यांच्यातून मायक्रोपार्टिकल्स सुटू लागतात. म्हणजे प्रक्रियेची सुरुवात वर येतानाच होते असे नाही, काही भाग खाली असतानाच सुरू झालेला असतो. या तुकड्यांच्या आत इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह भडकवणारा संदेशरेणूही भरलेला आढळला. ज्यांना गाऊटचा त्रास आहे त्यांच्या सांध्यात ठणका उठवणारा रेणू हाच. नायट्रोजन निष्क्रिय वायू आहे, असे शाळेत शिकवतात. रासायनिकदृष्ट्या ते बरोबर आहे, पण पेशींच्या लेखी तो तितकासा निष्क्रिय नाही.

याचा अर्थ बुडबुड्यांचा सिद्धांत मोडीत निघाला असा नाही. मज्जारज्जूत किंवा मेंदूच्या धमनीत अडकलेला बुडबुडा आजही तितकाच घातक आहे. बुडबुडे आणि दाह यांत कोण आधी, कोण नंतर आणि कुणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. दोघे एकमेकांना खतपाणी घालतात, एवढे बहुतेकजण मान्य करतात.

माणसांमध्ये काय दिसले?

क्रोएशियातील स्प्लिट आणि नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम ही दोन शहरे या संशोधनाची माहेरघरे. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, की १८ मीटरच्या एका डाइव्हनंतरही दंडाची धमनी पूर्वीइतकी सहज रुंद होत नाही. ही चाचणी सोपी आहे. हाताला पट्टा बांधून रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवायचा, पट्टा सोडायचा आणि अल्ट्रासाउंडवर धमनी किती फुलते ते मोजायचे. ती कमी फुलली तर अस्तराचे काम मंदावले आहे. अनेक डाइव्हरमध्ये हा बदल कुठलेही लक्षण नसताना दिसला.

डाइव्हरच्या रक्तातही मायक्रोपार्टिकल्स आणि खवळलेल्या न्यूट्रोफिल पेशी वाढलेल्या सापडल्या. नॉर्वेच्या एका गटाने रक्तातल्या जनुकांची हालचाल तपासली, तेव्हा डाइव्हनंतर तातडीची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशींची जनुके वर आणि लिम्फोसाइट पेशींची खाली गेलेली दिसली.

यात दोष फक्त नायट्रोजनचा नाही. ३० मीटरवर घेतलेल्या साध्या हवेतही ऑक्सिजनचा दाब किनाऱ्याच्या चौपट असतो आणि इतक्या ऑक्सिजनने पेशींवर ‘ऑक्सिडेटिव्ह’ ताण येतो. थंड पाणी, पाण्याखालचे श्रम, शरीरातले कमी झालेले पाणी हे सगळे त्यात भर घालतात. डाइव्हनंतर बोटीवर लागणारी ती गाढ झोप याच सगळ्याच्या बेरजेतून येत असावी.

निरोगी माणसात हे बदल तात्पुरते असतात, काही तासांत ते दोन-तीन दिवसांत ओसरतात. जोरदार व्यायामानंतरही शरीरात असाच थोडा दाह होतो आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही. त्यामुळे ‘स्कुबामुळे शरीर सडते’ छापाच्या रील्सकडे दुर्लक्ष केलेलेच बरे.

मनगटावरच्या कॉम्प्युटरला हे कळते का?

नाही. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डाइव्ह कॉम्प्युटर दोनच गोष्टी मोजतो : दाब आणि वेळ. त्यावरून शरीराच्या वेगवेगळ्या भागांत किती वायू साठला असेल याचा अंदाज तो सूत्राने बांधतो. झुरिचच्या अल्बर्ट ब्यूलमान यांचे जे मॉडेल अनेक कॉम्प्युटरमध्ये वापरले जाते, त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरलेले असतात. काही कप्पे मिनिटांत भरतात आणि रिकामे होतात, काहींना तास लागतात. गणित म्हणून हे सुरेख आहे. पण त्या १६ कप्प्यांत एकही पांढरी पेशी नाही.

घालणारा २५ वर्षांचा आहे की ५५ चा, त्याने आदल्या रात्री दारू घेतली आहे का, तो पाणी कमी प्यायला आहे का, यातले काहीच मॉडेलला ठाऊक नसते. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापूर्वी असलेले छोटे छिद्र साधारण दर चार प्रौढांपैकी एकात पूर्ण बंद झालेले नसते. अशा व्यक्तीत शिरांमधले बुडबुडे फुप्फुसाची गाळणी चुकवून थेट धमन्यांमध्ये जाऊ शकतात. कॉम्प्युटरला याचाही पत्ता नसतो. म्हणूनच डीकंप्रेशन सिकनेसचे बरेच रुग्ण ‘पण मी तर मर्यादेत होतो’ असे सांगत येतात आणि ते खोटे बोलत नसतात. ‘मर्यादेत होतो, म्हणजे हे बेंड्स नाहीच’ हा निष्कर्ष चुकीचा असतो.

मालवणला एकदाच डाइव्ह करणाऱ्याला किती धोका?

डीकंप्रेशन सिकनेसचा अगदी कमी. पर्यटकांसाठीची डाइव्ह साधारण १० मीटरच्या आत आणि काही मिनिटांचीच असते. प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या पॅडी संस्थेच्या तक्त्यानुसार १० मीटरवर थांबा न घेता राहण्याची मर्यादा २१९ मिनिटे आहे. १८ मीटरवर ती ५६ आणि ३० मीटरवर फक्त २० मिनिटांवर येते. खोली वाढली की मर्यादा किती झपाट्याने घसरते, ते या आकड्यांवरून दिसते.

पण उथळ पाण्याचा स्वतःचा एक वेगळा धोका आहे आणि तो बोटीवर पुरेसा समजावला जात नाही. १० मीटरवर श्वास भरून, घाबरून, तोंड मिटून कोणी थेट वर झेपावले तर फुप्फुसातली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. फुप्फुस फाटून हवा सरळ धमनीत शिरू शकते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. यासाठी १० मीटरही लागत नाहीत, एक-दीड मीटरही पुरेसे ठरू शकतात. ‘श्वास रोखू नका’ ही सूचना म्हणूनच सगळ्यात वरची. दम्याचा त्रास, नुकताच झालेला न्यूमोनिया, छातीची शस्त्रक्रिया हे फॉर्मवर लपवणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. नाक चोंदलेले असताना पाण्यात उतरू नये. कानाचा पडदा दुखावणे हा तर नवख्यांना होणारा सर्वात सामान्य त्रास.

खरा प्रश्न पर्यटकाचा नसून त्याचा हात धरून खाली नेणाऱ्या प्रशिक्षकाचा आहे. पर्यटक एकदा उतरतो. हंगामात, सलग सुट्ट्यांच्या दिवसांत प्रशिक्षक एकामागून एक गिऱ्हाइके घेऊन वर-खाली करत राहतो. डायव्हिंगच्या भाषेत याला ‘यो-यो’ प्रोफाइल म्हणतात. खोली कमी असली तरी वारंवार वर येणे हा मान्य झालेला धोका आहे. प्रत्येक वेळी दाब उतरतो आणि आधीच्या फेरीतली प्रतिक्रिया शमण्यापूर्वी पुढची सुरू होते. प्रयोगशाळेतले बहुतेक अभ्यास दिवसाला एक-दोन डाइव्ह करणाऱ्यांवर झालेले आहेत, त्यांचे आकडे या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. सांधे दुखतात म्हणून गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरणे हा या व्यवसायातला सर्वात वाईट शॉर्टकट.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

खांदा, कोपर, गुडघा यांत खोलवर ठणका, जो दाबल्याने किंवा हलवल्याने फारसा बदलत नाही. अंगावर जाळीदार, संगमरवरासारखे जांभळट डाग. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, पायातली ताकद जाणे, चक्कर, बोलताना अडखळणे, लघवी न होणे. श्रमाच्या मानाने फारच जास्त थकवा. वर आल्याआल्या, पहिल्या काही मिनिटांतच शुद्ध हरपली किंवा एक बाजू लुळी पडली तर धमनीत हवा शिरल्याची शक्यता मोठी.

बहुतेकांची लक्षणे पहिल्या काही तासांत आणि जवळपास सगळ्यांची २४ तासांच्या आत दिसतात.

अशा वेळी पहिला उपचार म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, तोही मास्कमधून आणि लगेच. श्वासातून नायट्रोजन बंद झाला की शरीरातला नायट्रोजन वेगाने बाहेर पडतो. रुग्णाला आडवे झोपवावे, शुद्धीत असेल तर पाणी द्यावे, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना ‘डाइव्ह केली होती’ हे आधी सांगावे. किती खोल, किती वेळ, किती वाजता वर आलो, हेही. बोट निवडताना पॅकेजमध्ये फोटो किती मिळणार हे सगळे विचारतात. बोटीवर ऑक्सिजनचे सिलिंडर आहे का, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. लक्षणे ‘उतरवण्यासाठी’ पुन्हा पाण्यात बुडी मारणे हा जुना समज अत्यंत धोकादायक आहे.

मुख्य उपचार दाबाच्या चेंबरमध्ये होतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या ‘टेबल ६’ पद्धतीत रुग्णाला १८ मीटर खोलीइतक्या दाबापर्यंत नेऊन ऑक्सिजन देतात आणि पावणेपाच तासांत हळूहळू बाहेर आणतात. पूर्वी समजत, की दाबाने बुडबुडे आकसतात म्हणून हे काम करते. आता दिसते, की दाबाखालचा ऑक्सिजन न्यूट्रोफिल पेशींना वाहिनीच्या भिंतीला चिकटण्यापासूनही रोखतो. म्हणजे हा उपचार थेट दाहावरही काम करतो. लक्षणे सुरू होऊन काही तास उलटल्यावरही, बुडबुडे बहुधा विरले असतानाही, चेंबरचा फायदा का होतो, याचे उत्तर यात आहे.

महाराष्ट्रात यासाठीचे ज्ञान आणि चेंबर प्रामुख्याने मुंबईत, नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात आहे. मालवणहून रस्त्याने हे अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास आहे. शहरांतल्या अनेक खासगी केंद्रांत जखमा भरण्यासाठी हायपरबारिक ऑक्सिजन देतात, पण डाइव्हिंगचा तातडीचा रुग्ण घ्यायला सगळीच तयार किंवा सुसज्ज असतात असे नाही. म्हणून निघण्याआधी फोन करणे आवश्यक.

दाहच असेल, तर सूज उतरवणारी गोळी घेऊन भागेल का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या गटाने २००३ मध्ये १८० रुग्णांवर चाचणी केली. चेंबरच्या उपचारासोबत काहींना टेनॉक्सिकॅम हे दाहशामक औषध दिले, काहींना नाही. औषध घेणाऱ्यांना चेंबरच्या फेऱ्या कमी लागल्या, साधारण तीनऐवजी दोन. मात्र सहा आठवड्यांनी पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. म्हणजे औषध चेंबरच्या जोडीला चालते, त्याच्या जागी चालत नाही. स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी फक्त दुखणे झाकते आणि वेळ घालवते.

डाइव्हआधी काही करता येईल का, यावरही बरेच काम झाले आहे. नॉर्वेच्या गटाला आढळले, की साधारण एक दिवस आधी जोरदार व्यायाम केलेल्या उंदरांमध्ये बुडबुडे कमी होतात. २००४ मध्ये क्रोएशियातील डाइव्हरवर हाच प्रयोग झाला आणि २४ तास आधीच्या एका व्यायामसत्राने त्यांच्यातही बुडबुडे घटले. संशय नायट्रिक ऑक्साइडवर आहे. क आणि ई जीवनसत्त्वांनी धमन्यांचे नुकसान काही प्रमाणात कमी झालेले दिसले. बेल्जियमच्या संशोधकांनी तर डाइव्हआधी डार्क चॉकलेट देऊन पाहिले आणि धमन्यांचे काम कमी बिघडलेले आढळले. नमुने छोटे आहेत, त्यामुळे चॉकलेट खाऊन सेफ्टी स्टॉप टाळावा असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर न येणे आणि पाच मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबणे, याला अजून पर्याय नाही.

सकाळी डाइव्ह, संध्याकाळी घाट चालेल?

उंचीवर हवेचा दाब कमी होतो. म्हणून डाइव्हनंतर विमानात बसणे म्हणजे आणखी एकदा वर येणे. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून अधिक किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास आणि थांबे घ्यावे लागलेल्या खोल डाइव्हनंतर १८ तासांहून बरेच अधिक अंतर ठेवावे, असे डायव्हिंग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डॅन’ संस्थेचे मार्गदर्शन आहे. चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळामुळे मालवणहून त्याच दिवशी उडणे आता शक्य झाले आहे, त्यामुळे तिकीट काढतानाच हे गणित जुळवावे.

गाडीने परतणाऱ्यांसाठीही हाच नियम, फक्त त्याकडे लक्ष जात नाही. डायव्हिंगच्या तक्त्यांमध्ये ३०० मीटरच्या वरची जागा ‘उंची’ मानली जाते. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या पुढे. मालवणहून घाटमाथा गाठायला दोन-अडीच तास पुरतात. पर्यटकाच्या एका उथळ, १५ मिनिटांच्या डाइव्हनंतर याने सहसा काही बिघडत नाही. पण कोर्स करणाऱ्याने, दिवसभरात दोन-तीन डाइव्ह केलेल्याने किंवा नेत्राणीसारख्या ठिकाणी जास्त खोल जाऊन आलेल्याने ती रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा.